दिवा आणि पडदा यांमधील अंतर

घरांतल्या सामानसुमानालाहि इतिहास असतो. परंतु राज्यांच्या व लढायांच्या इतिहासापुढें त्याची दाद सहसा लागत नाहीं. जात्यामागें, पलंगामागें, भिंतीवरच्या घड्याळामागें किती पिढ्यांची बुद्धि व गरज उभी आहे याचा विचार आपण क्वचितच करतों. अलीकडे शहरांतील कांहीं दिवाणखान्यांत भिंतीच्या पायथ्याशीं, बुटक्या कपाटावर, एक पेटी ठेवलेली आढळते. तिच्या माथ्यावरील कांचेच्या खिडकींतून प्रकाश तिरपा वर जातो आणि लगतच्या भिंतीवर शंभर इंच कर्णाचें, म्हणजे सुमारें सव्वादोन मीटर रुंद व सव्वा मीटर उंच असें चित्र उमटतें. साधा प्रोजेक्टर एवढें चित्र पाडण्यासाठीं तीन-साडेतीन मीटर मागें न्यावा लागतो. या पेटीला भिंगापासून भिंतीपर्यंत अर्धा मीटर किंवा त्याहून थोडें अधिक अंतर पुरतें. बाजारांत तिला ‘अल्ट्रा शॉर्ट थ्रो लेसर प्रोजेक्टर’ असें लांबलचक नांव आहे. ‘थ्रो’ म्हणजे फेंक. दिव्यापासून पडद्यापर्यंत प्रकाशाला जें अंतर तोडावें लागतें, तें.

विक्रेते या यंत्राचें वर्णन ‘घरांत आलेलें थिएटर’ असें करतात. हें वर्णन इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहण्याजोगें आहे. कारण आमच्या मतें तें उलटें आहे. चित्र फेंकणारा दिवा मुळांत घरांतच जन्मला. कांहीं सबळ कारणांमुळें त्याला घर सोडून थिएटरांत जावें लागलें. आणि तीं कारणें एकेक करून नाहींशीं झाल्यावर, साडेतीनशें वर्षांहून अधिक काळ लोटल्यानंतर, तो आपल्या घरीं परत आला आहे. तो गेला कां, परतला कसा, आणि वाटेंत त्याचें काय हरवलें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

हा दिवा प्रथम कोणी पेटविला याविषयीं विद्वानांत वाद झाले आहेत. तथापि सर्वांत भक्कम पुरावा डच शास्त्रज्ञ क्रिस्तिआन हायगेन्स याच्या बाजूनें आहे. शनीच्या कड्याचा उलगडा करणारा आणि लंबकाचें घड्याळ बनविणारा तो हाच पुरुष. इ. स. १६५९ मधील त्याच्या कागदांत एका हाडाच्या सांगाड्याचीं चित्रें सांपडतात. सांगाडा स्वतःची कवटी हातानें उचलतो आणि पुन्हां धडावर ठेवतो. हीं चित्रें कंदिलांतील भिंगांतून दाखविण्यासाठीं आहेत, असें त्यानेंच तेथें नमूद केलें आहे. पुढें इ. स. १६६२ मध्यें त्याच्या वडिलांनीं पॅरिसमधील बड्या मंडळींस दाखविण्याकरितां असा एक कंदील मागितला. हायगेन्सला ही मागणी रुचली नाहीं. आपल्यासारख्या शास्त्रज्ञाचें नांव असल्या खेळण्याशीं जोडलें जावें याची त्याला लाज वाटली. म्हणून पॅरिसला असलेल्या भावाला पत्र लिहून, कंदिलांतील एक भिंग काढून ठेवावें म्हणजे तो चालणार नाहीं, अशी युक्ति त्यानें सुचविली. ज्या वस्तूनें पुढें अर्ध्या जगाला वेड लावलें, ती तिच्या जनकाला घरांत लपवून ठेवावी असें वाटलें, हा इतिहासाचा एक विनोदच म्हणावयाचा.

हायगेन्सनें लाज बाळगली तरी दिवा बाहेर पडलाच. वाल्गेनस्टीन नांवाच्या एका डॅनिश गणितज्ञानें असे कंदील घेऊन युरोपांत प्रवास केला आणि त्यांचे प्रयोग दाखविले. परंतु त्या काळच्या दिव्याचें सामर्थ्य तें किती! तेलाची ज्योत, तिच्या मागें एक वक्र आरसा आणि पुढें दोन भिंगें. येथें प्रकाशशास्त्राचा एक साधा नियम लक्षांत घेतला पाहिजे. कंदील दुप्पट मागें नेला तर चित्राची रुंदी दुप्पट व उंचीहि दुप्पट होते; म्हणजे तोच प्रकाश चौपट जागेवर पसरतो आणि चित्र चौपट फिकें पडतें. तेलाच्या दिव्याला ही चैन परवडणारी नव्हती. चित्र लहान, खोली काळोखी आणि प्रेक्षक मोजके, अशीच त्याची मर्यादा होती. आणि ही मर्यादा घराचीच मर्यादा होय.

एकोणिसाव्या शतकांत ही मर्यादा तुटली. इ. स. १७९९ पासून पॅरिसमधील एका जुन्या मठांत रॉबर्टसन या नांवानें प्रसिद्ध असलेला गृहस्थ चाकांवर बसविलेला कंदील पडद्याच्या मागून पुढें-मागें सरकवून भुतांचे खेळ करीत असे. कंदील जवळ आला कीं भूत लहान होई, दूर गेला कीं तें वाढत वाढत प्रेक्षकांच्या अंगावर येई. दिवा व पडदा यांमधील अंतर हेंच त्याचें नाट्य होतें. पुढें चुन्याच्या खड्यावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांची ज्योत सोडली असतां डोळे दिपविणारा प्रकाश मिळतो असें आढळून आलें, आणि त्यानंतर कार्बनच्या कांड्यांमधील विजेची कमान आली. एवढा प्रकाश हातीं आल्यावर चित्र मोठें करतां येऊं लागलें, हजार माणसें बसवितां येऊं लागलीं, आणि फेंकेसाठीं लांबच लांब दालन लागूं लागलें. वायूच्या पिशव्या सांभाळणारा कसबी माणूसहि लागूं लागला. दिव्यानें घर सोडलें तें असें.

आपल्याकडील वाचकांस या संबंधांत कल्याणचें स्मरण झाल्यावांचून राहणार नाहीं. तेथील महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं इ. स. १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नांवानें मॅजिक लँटर्नचे प्रयोग सुरू केले. कांचपट्ट्यांवर हातानें रंगविलेलीं पुराणकथांचीं चित्रें, एकाच पात्राच्या किंचित् निरनिराळ्या ठेवणी, एकाहून अधिक कंदील, आणि जोडीला निवेदन व संगीत, असा तो थाट असे. या प्रयोगांत आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट ही कीं, कंदिलाबरोबर एक बोलणारा माणूस असे. चित्र स्वतः मुकें होतें. त्याला वाचा देण्याचें काम माणसाचें. प्रेक्षक रेंगाळले तर तोहि रेंगाळे, हंसले तर तो थांबे. ता. ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत ल्यूमिए बंधूंचीं चलच्चित्रें दाखविलीं गेलीं, तीं पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा यांनीं कॅमेरा मागविला व पुढें इ. स. १८९९ मध्यें कुस्तीचें चित्रण केलें. ही हकीकत सुप्रसिद्ध आहे. चित्र हलूं लागलें तसें बोलणाऱ्या माणसाचें प्रयोजन हळूहळू कमी होत गेलें.

दिव्याला घरांत परत येऊं न देणारें खरें कारण मात्र निराळेंच होतें, आणि तें म्हणजे आग. चलच्चित्राची फीत नायट्रो-सेल्युलोजची असे. ती पेट घेण्यास विलंब लावीत नसे, आणि पेटल्यावर विझविणें जवळजवळ अशक्य असे. तींत भर दिव्याची. ता. ४ मे १८९७ रोजीं पॅरिसमध्यें एका धर्मादाय बाजारांत चलच्चित्राचा खेळ चालू असतां प्रोजेक्टरच्या ईथरच्या दिव्यानें भडका घेतला आणि सवाशेंच्या वर माणसें, बहुतेक स्त्रिया, जळून मेलीं. या घटनेची दहशत दीर्घकाळ टिकली. इंग्लंडांत इ. स. १९०९ च्या कायद्यानें प्रोजेक्टर अग्निरोधक कोठडींत कोंडला, हिंदुस्थानांत इ. स. १९१८ च्या कायद्यानें परवान्यावांचून खेळ दाखविण्यास मनाई झाली. म्हणजे दिवा व प्रेक्षक यांमधील अंतर आतां केवळ प्रकाशशास्त्राचें राहिलें नाहीं. तें सरकारनें घालून दिलेलें अंतर झालें. थिएटरांत आपल्या डोक्यांवरून जाणारा तो धुळीचा झोत ज्या चौकोनी भोंकांतून येत असे, तें भोंक आगीच्या भयानें पाडलेलें आहे, हें किती प्रेक्षकांच्या ध्यानांत आलें असेल?

तरीहि घराची ओढ सुटली नाहीं. इ. स. १९११ मध्यें मुंबईंत ख्रिस्ताच्या चरित्राचा चित्रपट पाहून दादासाहेब फाळके झपाटले गेले, तेव्हां त्यांनीं चित्रफितीचे तुकडे मिळवून रात्रीच्या रात्री घरच्या भिंतीवर मेणबत्ती व भिंग यांच्या साहाय्यानें चित्रें पाडून पाहिलीं, असें त्यांच्या चरित्रांत सांगितलें जातें. ता. ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कोरोनेशन थिएटरांत लोकांसमोर आला. परंतु त्याची पहिली पायरी त्या मेणबत्तीच्या उजेडांत, बायकामुलांच्या घरांत पडली होती. तिकडे फ्रान्समध्यें पाथे कंपनीनें इ. स. १९१२ मध्यें न भडकणाऱ्या फितीचा एक घरगुती प्रोजेक्टर विक्रीस आणला. ज्या घरांत वीज नाहीं त्यासाठीं त्याच्या दांड्यालाच लहानसा जनित्र जोडला होता. दांडा फिरविला कीं फीतहि सरके आणि दिवाहि लागे. इ. स. १९२२ मध्यें याच कंपनीनें साडेनऊ मिलिमीटरची, आणि पुढील वर्षीं अमेरिकेंतील कोडॅकनें सोळा मिलिमीटरची फीत काढली. आगीचें भय गेलें आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पडदा टांगला जाऊं लागला.

पण अंतर मात्र तसेंच राहिलें. टेबल खोलीच्या मधोमध मांडावें लागे, खिडक्यांस जाड पडदे ओढावे लागत, आणि पोर उभें राहिलें कीं त्याच्या डोक्याची सावली नायकाच्या छातीवर पडे. मग दूरचित्रवाणी आली. मुंबईचें केंद्र ता. २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें. ही पेटी स्वतःच प्रकाशत असे. तिला काळोख नको कीं अंतर नको. तिचें चित्र लहान होतें, पण तें दिव्याच्या उजेडांत दिसत होतें, आणि तेवढ्याच गुणावर तिनें घर जिंकलें. त्याच सुमारास अमेरिकेंत हेन्री क्लॉस यानें तीन नळ्यांचा घरगुती प्रोजेक्टर बनवून सात फुटांच्या पडद्यावर दूरचित्रवाणीचें चित्र पाडून दाखविलें. परंतु तोहि खोलीचा मध्य अडवी आणि उजेडाला भिई. घरीं परतावयाचें तर दिव्याला तीन गोष्टी सोडवावयाच्या होत्या: जळून जाणें, लांब उभें राहणें आणि काळोख मागणें.

पहिली अडचण लेसरनें सोडविली. थिओडोर मेमन यानें ता. १६ मे १९६० रोजीं कॅलिफोर्नियांत माणकाच्या कांडींतून पहिला लेसर किरण काढला. तांबडा किरण पुढें स्वस्त झाला. निळा मात्र पुष्कळ वर्षें हातीं लागेना. जपानमधील निचिया कंपनींत शूजी नाकामुरा यांनीं गॅलियम नायट्राइड या द्रव्यावर चिकाटीनें काम करून इ. स. १९९३ मध्यें तेजस्वी निळा दिवा आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत निळसर-जांभळा लेसर सिद्ध केला. निळ्या दिव्याबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस इ. स. २०१४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या पुष्कळ घरगुती यंत्रांत निळा लेसर एका फिरत्या चक्रावरील स्फुरद्रव्यावर पडतो व त्यांतून पिवळा प्रकाश निघतो. त्याच्या पोटांतून तांबडा व हिरवा वेगळे काढतात. महाग यंत्रांत तिन्ही रंगांचे तीन स्वतंत्र लेसर असतात. त्यांचे रंग अधिक शुद्ध, परंतु कांहीं पडद्यांवर त्यांची बारीक चमचम डोळ्यांना खुपते. जुन्या प्रोजेक्टरचा दिवा दोन ते पांच हजार तासांत निकामी होई. लेसरला बनविणारे वीस हजार तास किंवा त्याहून अधिक आयुष्य सांगतात. रोज चार तास धरले तर हीं साडेतेरा वर्षें होतात. हा प्रकाश चित्रांत उमटतो तो बहुतेक यंत्रांत अमेरिकन शास्त्रज्ञ लॅरी हॉर्नबेक यांनीं इ. स. १९८७ मध्यें शोधलेल्या चकतीवर. नखाएवढ्या जागेंत लाखों आरसे बसविलेले असतात आणि प्रत्येक आरसा सेकंदाला हजारों वेळां कलतो. मेणबत्तीपुढें धरलेल्या कांचपट्टीची ही वंशज होय.

दुसरी अडचण अंतराची. भिंतीच्या बुडाशीं कंदील ठेवून वर प्रकाश फेंकला तर चित्र वरच्या बाजूस फांकतें व चौकोनाचा समलंब होतो, हें कोणीहि विजेरी घेऊन घरीं पाहूं शकेल. यावर उपाय असा कीं, भिंगांतून आलेला प्रकाश प्रथम एका मोठ्या वक्र आरशावर पाडावयाचा, आणि त्या आरशाची वक्रता अशी ठेवावयाची कीं पुढें होणारी विकृति तिनें आधींच उलट दिशेनें करून ठेवावी. असे आरसे अचूक घडविणें व त्यांचें गणित संगणकावर सोडविणें शक्य झाल्यावर, इ. स. २००४ च्या सुमारास जपानच्या एनईसी कंपनीनें आरशांनीं चित्र फेंकणारा असा प्रोजेक्टर बाजारांत आणला. त्याचा पहिला उपयोग वर्गांत व सभागृहांत झाला, घरांत नव्हे. कारण शिक्षकाची सावली फळ्यावर पडूं नये ही गरज आम्हां शिक्षकांची होती. घराकडे वळण्यास आणखी दहा वर्षें लागलीं. इ. स. २०१३ मध्यें एलजी कंपनीनें शंभर इंचांचा ‘लेसर टीव्ही’ जाहीर केला, इ. स. २०१४ च्या आरंभीं सोनीनें एकशेंसत्तेचाळीस इंचांपर्यंत चित्र पाडणारें यंत्र दाखविलें, त्याची सांगितलेली किंमत तीस ते चाळीस हजार डॉलर होती. अवघ्या तीन वर्षांनीं चीनच्या शाओमीनें असें यंत्र ९,९९९ युआनला विकावयास काढलें. राजवाड्यांतली वस्तु मध्यम स्थितीच्या गृहस्थाच्या आटोक्यांत येण्यास पूर्वीं शतकें लागत. येथें तीन वर्षें पुरलीं.

तिसरी अडचण काळोखाची. ती यंत्रानें सोडविली नाहीं, पडद्यानें सोडविली. या यंत्राबरोबर जो खास पडदा देतात त्याच्या पृष्ठभागावर करवतीच्या दात्यांसारख्या सूक्ष्म आडव्या रेघा असतात. दात्याची खालची बाजू खालून येणारा प्रकाश प्रेक्षकांकडे परतविते. वरची बाजू काळी असते व छतावरील दिव्याचा प्रकाश गिळून टाकते. म्हणून दिवे लावूनहि चित्र पाहतां येतें. पण निसर्गाचा नियम येथेंहि सुटत नाहीं. प्रोजेक्टर काळा रंग फेंकूं शकत नाहीं. काळें म्हणजे प्रकाशाचा अभाव, आणि भर दुपारचें ऊन खिडकींतून आंत येत असेल तर तो अभाव कोठून आणावा? शिवाय तिरप्या प्रकाशाला भिंतीचा लहानसा पोपडा किंवा पडद्याची सुरकुती सहन होत नाहीं. सायंकाळच्या उन्हांत जमिनीवरच्या खड्याची सावली जशी हातभर होते तसें तेथें घडतें. पेटी बोटभर सरकली तरी चौकट वांकडी होते. तिच्या खिडकींत डोकावणाऱ्या मुलाच्या डोळ्यांस अपाय होण्याचा संभव असल्यामुळें, कोणी जवळ आलें कीं प्रकाश आपोआप मंद होण्याची व्यवस्था पुष्कळ यंत्रांत केलेली असते. कंदिलाजवळच्या माणसाचें हें शेवटचें काम. तेंहि आतां यंत्राकडे गेलें.

आतां जमाखर्च मांडावयाचा. लाभ उघड आहेत. खोलीचा मध्य मोकळा झाला, सावली पडेनाशी झाली, डोक्यावरचा झोत गेला, आणि चित्र तर हायगेन्सच्या स्वप्नांतहि नसेल एवढें मोठें झालें. हानि मात्र चटकन् दिसत नाहीं. काळोख व अंतर हीं यंत्राचीं व्यंगें होतीं. परंतु हींच व्यंगें माणसांना एक शिस्त लावीत. काळोख करावयाचा म्हणजे घरांतल्या सर्वांनीं एकाच वेळीं हातांतलें काम टाकलें पाहिजे. दिवा लांब म्हणजे त्याच्या व पडद्याच्या मधल्या पट्ट्यांत सर्वांनीं दाटीवाटीनें बसलें पाहिजे. फीत बदलेपर्यंत थांबलें पाहिजे, आणि त्या थांबण्यांत कोणीतरी कांहींतरी बोललेंच पाहिजे. कल्याणच्या त्या प्रयोगांत माणसें केवळ चित्रासाठीं जमत नसत. जमल्यावांचून चित्र दिसतच नसे. आतां दिवाणखाना उजळलेला असतो. एक जण भिंतीकडे पाहतो, दुसरा हातांतल्या मोबाईलकडे, तिसरी स्वयंपाकघरांतून येतां-जातां कटाक्ष टाकते. चित्र वाढत गेलें आणि त्यापुढें बसणारी मंडळी विरळ होत गेली, अशी ही उलटी गति आहे.

तथापि याचा दोष यंत्राला देणें आम्हांला न्याय्य वाटत नाहीं. उजेडाचीहि एक बाजू आहे. थिएटरच्या काळोखांत शेजाऱ्याचा चेहरा दिसत नसे. आपण हजारांत असून एकटे असूं. उजळलेल्या खोलींत आजीचे पाणावलेले डोळे नातवाला दिसतात, आणि ती मध्येंच थांबवून ‘हें असें नव्हतें रे’ म्हणून आपल्या वेळची एखादी हकीकत सांगूं शकते. शांबरिक खरोलिकेच्या काळीं कंदिलाजवळ जो बोलणारा माणूस होता, त्याची जागा घरांत अजून रिकामी आहे. आणि ती भरण्यास आजीइतकें योग्य कोण? एवढेंच कीं, पूर्वीं माणसांना एकत्र बसविण्याचें काम दिव्याची अडचणच परस्पर करीत असे. त्या अडचणी शास्त्रज्ञांनीं दूर केल्या, हें त्यांनीं उत्तमच केलें. आतां तें काम घरच्या माणसांनीं आपखुशीनें करावयाचें आहे. आणि ज्या घरांत तें होत नाहीं, तेथें शंभर इंचांची भिंत उजळली तरी खेळ रिकाम्या घरापुढेंच चालला आहे असें समजावें.